नियम चौदा (ब) आणि माझी लुंगी

गोदाकाठ चाकी स्केटिंग मंडळ, नाशिक, या नोंदणीकृत संस्थेच्या सन २००३च्या इतिवृत्तात पान सदतीसवर माझ्या लुंगीचा उल्लेख आहे. एकदा नाही, चार वेळा. दोन ठिकाणी तर ‘सदर लुंगी’ असा आहे. माणसाने चोवीस वर्षं सरकारी कचेरीत इमानेइतबारे कारकुनी करावी, वरिष्ठ लिपिक व्हावं, हजारो लोकांची नावं हजारो कागदांवर चढवावीत, आणि स्वतःचं नाव मात्र कागदावर राहावं ते लुंगीच्या गाठीला बांधलेलं, याला नशीब म्हणतात. गोष्ट मुळापासून सांगतो, कारण आमच्या कॉलनीत तिच्या निदान सहा आवृत्त्या फिरताहेत आणि त्यातल्या दोनांत मी मुळात लुंगी नेसलेलोच नाही.

सुरुवात स्कर्टपासून झाली.

आमची हर्षाली तेव्हा अकरा वर्षांची. पायाला चाकं लावून ती गिरकी घ्यायची, एका पायावर उलटी जायची, उडी मारून हवेतच फिरून खाली यायची. याला कलात्मक स्केटिंग म्हणतात. परदेशात बायका हे बर्फावर करतात, टीव्हीवर दाखवतात. नाशिकला बर्फ फक्त उसाच्या रसात मिळतो, म्हणून आम्ही सिमेंटवर करतो. मे महिन्यात मंडळाची मोठी स्पर्धा होती. त्यासाठी तिचे शिक्षक, समाधान सर, यांनी एक यादी हातात दिली. स्केट स्वतःचे आणावेत, पाण्याची बाटली आणावी, पालकांनी रिंकवर येऊन सूचना देऊ नयेत, आणि शेवटी : ‘पोशाख – स्कर्ट. नियम १४ (ब) पाहावा.’

तोवर हर्षाली सराव ट्रॅकपँटवर करत होती. माझी बायको रूपाली यादी वाचून हरखून गेली. पोरीला नटवायची संधी पोरगी कधी देतच नव्हती. रूपालीने त्याच संध्याकाळी मेन रोडवरून मोरपंखी साटिन आणलं आणि केरू टेलरकडे टाकलं.

केरू टेलर हा माणूस सज्जन. पण गेली तीस वर्षं त्याने शाळेचे गणवेश शिवले आहेत आणि त्याचा हात दुसरीकडे वळत नाही. पहिला स्कर्ट त्याने खोल प्लेटांचा, खिसा आणि पट्ट्याचे लूप असलेला शिवला. घातल्यावर हर्षाली प्रार्थनेला निघाल्यासारखी दिसायची. तो उसवला. त्यावर तळमजल्यावरच्या सुलाबाईंनी सल्ला दिला की घेर वाढवा. सुलाबाईंची नात दिशा हर्षालीच्याच वर्गात आणि त्याच रिंकवर. तिच्या स्कर्टवर सुलाबाई स्वतः टिकल्या शिवत होत्या, तीनशे झाल्या होत्या, चारशेपर्यंत जायचा बेत होता. घेर वाढवला तर त्याचा परकर झाला. वरच्या मजल्यावरचे चिमाजी अण्णा, निवृत्त हेडमास्तर, यांनी परकर बघून ‘मुलीच्या पोशाखात शालीनता हवी’ असं सांगितलं आणि आखूड केलेला तिसरा बघून ‘खेळाच्या पोशाखात सुटसुटीतपणा हवा’ असं सांगितलं. अण्णांचं तसंच आहे. शिक्षकी पेशात त्यांनी दोन्ही बाजूंचे निबंध तपासलेले आहेत.

तिसरा स्कर्ट खरंच छान झाला होता. तो घालून हर्षाली एक दिवस सरावाला गेली, परत आली, स्कर्टची व्यवस्थित घडी केली आणि म्हणाली, “मी स्पर्धेत उतरणार नाही.”

“का गं? फिटिंग चुकलं का?” रूपालीने विचारलं.

“फिटिंग बरोबरे. पण मला उडी मारता येत नाहीये. उडी मारताना दोन्ही हात उघडायचे असतात. मी उघडायला जाते आणि हात आपोआप स्कर्टला जातो. आज चारदा पडले. रिंकच्या भिंतीवर मुलं बसलेली असतात ना, ती सगळी बघतायत असं वाटतं.”

“खाली चड्डी आहे, घट्ट पायमोजे आहेत, दिसतंय कुठे काय?”

“दिसत नाहीच. पण मला वाटतं ना!”

मग मी हातातला पेपर बाजूला ठेवला. घरात गंभीर प्रसंग आला की मी पेपर बाजूला ठेवतो, हे सगळ्यांना माहीत आहे. मी तिला नियम म्हणजे काय, शिस्त म्हणजे काय, आणि सगळ्यांनी आपापल्या मनासारखं केलं तर समाजाचं काय होईल, हे पाऊण तास समजावून सांगितलं. तेवढ्यात माझी आई, चंद्रभागाबाई, लसूण सोलता सोलता मध्येच बोलली. आईने मखमलाबादच्या मळ्यात शेवंती आणि झेंडू तोडण्यात हयात काढली आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर ती आमच्याकडे राहायला आली. तिला न्याय करायची सवय आहे.

“आरं रंगनाथ, मळ्यात फुलं तोडायला आमी कासोटा घालूनच जायचो. बांध चढा, हिरीत उतरा, कायबी करा, ध्यान कामात ऱ्हातं. आन् मिरवायचं आसलं की मंग गोल पातळ. कामाला येक, मिरवायला येक. आता तू मला सांग, पोरगी तिथं काम करती का मिरवती?”

यावर मी तिला चहा हवा का असं विचारलं.

पण आईसमोर हरलो तरी पोरीसमोर हरून चालत नाही. मी शेवटचं ठणकावून सांगितलं, “हे बघ हर्षू, कपड्याने काही होत नसतं. मन खेळात असलं की अंगावर काय आहे याचं भान राहत नाही.”

हर्षाली माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिली. मी घरात होतो, म्हणजे बनियन आणि लुंगीत होतो.

“मग पप्पा, तुम्ही लुंगीवर एकदा स्केटिंग करून दाखवा.”

मी हसण्यावारी नेलं. पण चिमाजी अण्णा दारातच उभे होते. आमच्याकडच्या वादात त्यांना आमंत्रण लागत नाही. “रास्त आहे,” ते म्हणाले. “प्रयोगाशिवाय सिद्धान्त नाही. रंगनाथराव, पोरीने रास्त मुद्दा काढला.” संध्याकाळपर्यंत सुलाबाईंनीही जिन्यात विचारलं की म्हणे तुम्ही लुंगीवर चाकं लावणार आहात, खरं का. आता माघार घेतली असती तर अब्रू गेली असती. पुढे काय गेलं ते पाहता अब्रू तेव्हाच गेलेली बरी, हे मला कळलं नाही.

मी रविवारी पहाटे पावणेसहाची वेळ निवडली, म्हणजे बघायला कोणी नाही. हर्षालीचे जुने स्केट पट्ट्यांचे होते. पान्याने खालचा नट सैल केला की लांब होतात आणि कोणत्याही बुटाला बसतात. माझ्या दहा नंबरच्या बुटाला लावण्यासाठी ते इतके लांबवावे लागले की मधली पट्टी कुरकुरत होती. बायको झोपलेली, आई देवाजवळ. हर्षालीला मी बाल्कनीत उभी केली आणि बजावलं, “नीट बघ. मन कुठे असतं ते बघ.”

आमच्या पार्किंगमधून रस्त्यावर यायला बारीकसा उतार आहे. रस्त्यालाही पुढे शंभरेक पावलांवरच्या मोकळ्या प्लॉटपर्यंत उतार आहे. एरवी त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आमच्या रस्त्यावर दर दहा फुटांवर एक खड्डा असायचा, त्यामुळे या कॉलनीत आजवर कोणीही, कोणत्याही वाहनावर, कुठेही वेगाने पोहोचलेलं नाही. पण ते कुंभमेळ्याचं वर्ष होतं. आमच्या रस्त्याला बारा वर्षांतून एकदा डांबर लागतं आणि ते नेमकं त्याच आठवड्यात लागलं होतं. साधुमहंतांसाठी केलेल्या त्या काळ्या, गुळगुळीत रस्त्यावरून पहिली शाही मिरवणूक माझी निघाली.

पार्किंगचा धरलेला खांब सोडल्यावर पहिली चार पावलं मी उत्तम चाललो. मी बाल्कनीकडे बघून हातही केला. मग चाकांनी कारभार हातात घेतला.

चाकांवर असताना हात बाजूला पसरले की माणसाचा तोल राहतो. हे मला माहीत होतं. समाधान सर रोज ओरडून सांगतात, मी भिंतीपलीकडून ऐकतो. मी हात पसरले. त्याच क्षणी समोरून वारा आला, लुंगीत शिरला, आणि माझे दोन्ही हात मला न विचारता खाली गेले. मी पुन्हा पसरले. ते पुन्हा गेले. तोल जाऊन टाळकं फुटण्याची वेळ आली होती आणि मला चिंता होती ती सुलाबाईंच्या खिडकीतला दिवा लागला की काय याची. मन स्केटिंगमध्ये नव्हतंच. मन सगळंच्या सगळं लुंगीच्या गाठीत होतं.

प्लॉटवर आमचा हास्यक्लब भरतो, हे मी घाईत विसरलो होतो. एकेचाळीस सभासद, प्रमुख चिमाजी अण्णा. रोज पहाटे हे लोक हात वर करून ‘हा हा हा’ असं ओरडतात. त्यात हसण्यासारखं काही नसतं, म्हणूनच तर तो व्यायाम आहे. मी प्लॉटच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा त्यांचा श्वास घेण्याचा टप्पा चालू होता. फाटकाच्या कडीत लुंगीचं टोक अडकलं. लुंगी फाटकाशी राहिली. मी पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत, दोन्ही हातांनी नसलेली लुंगी घट्ट धरून, त्यांच्या वर्तुळाच्या मधोमध गेलो आणि पलीकडच्या वाळूच्या ढिगात बसलो.

स्थापनेपासून त्या दिवशी प्रथमच आमचा हास्यक्लब नैसर्गिक हसला. बरं, एकदा सुरू झाल्यावर ते थांबेनात. एका आजोबांना पाणी द्यावं लागलं. चिमाजी अण्णांनी तर डोळे पुसत माझे आभार मानले.

मी वाळूत तसाच बसून होतो. अंगाला फार लागलं नव्हतं. पण जे लागलं होतं त्याला मलम नाही. तेवढ्यात हर्षाली धावत आली. तिने फाटकात अडकलेली लुंगी सोडवली, झटकली आणि माझ्या मांडीवर ठेवली. आख्ख्या प्लॉटवर ती एकटी हसत नव्हती.

“लागलं का पप्पा?”

“नाही गं.”

“मी तुमचे हात बघत होते,” ती म्हणाली. “माझेपण अस्सेच जातात.”

मला फार वाईट वाटलं. चार दिवस ही पोर हेच तर सांगत होती, आणि मी तिला समाज वगैरे सांगत बसलो होतो. मी लुंगी गुंडाळली आणि तिथेच, वाळूत, शपथ घेतली की हा नियम बदलून घेईन.

नियम बदलायचा म्हणजे अर्ज करायचा, आणि अर्ज हा माझा प्रांत आहे. कचेरीत लोक माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येतात. खरं तर मंडळाच्या स्थापनेच्या वेळीही, सात वर्षांपूर्वी, मी त्यांना कागदपत्रांत थोडीफार मदत केली होती आणि त्याबद्दल शाल-नारळ मिळाला होता. ती शाल आई अजून वापरते. मी तीन प्रतींत अर्ज लिहिला. त्यातलं एक वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की मी ते रूपालीला दोनदा वाचून दाखवलं : ‘हा नियम ज्या कोणा महाभागाने केला, त्याने जन्मात कधी चाकावर पाय ठेवला नसावा, आणि त्याला मुलगी असल्यास तिच्याशी तो कधी बोलला नसावा.’

“झोंबेल हं,” रूपाली म्हणाली.

“झोंबायलाच पाहिजे.”

सभा पुढच्या रविवारी रिंकशेजारच्या खोलीत झाली. अध्यक्ष भिमाजीराव, मूळचे सटाण्याचे, कांद्याचे मोठे व्यापारी. स्केटिंगशी त्यांचा संबंध इतकाच की रिंकचं सिमेंट त्यांनी दिलं होतं. सचिव नवसाबाई मॅडम. एका शाळेत तीस वर्षं पीटी शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि अजूनही त्या बोलायला लागल्या की आपण नकळत ताठ उभे राहतो. माझ्या बाजूने चिमाजी अण्णा आले होते. विरोधात सुलाबाई आल्या होत्या, पिशवीत दिशाचा स्कर्ट घेऊन. हर्षाली दाराशी पायरीवर बसली होती, मांडीवर स्केट घेऊन.

सुलाबाईंनी आधी तोंड उघडलं. “नियम बदलला तर माझ्या चारशे टिकल्यांचं काय? डोळे गेले माझे शिवून शिवून. आणि दिशाला आवडतो स्कर्ट. ती तर झोपतानाही काढत नाही.”

“थांबा,” नवसाबाई म्हणाल्या. “आधी अर्जाचं वाचन.” त्यांनी चष्मा लावला आणि अर्ज वाचला. महाभागाच्या वाक्यावर थांबून त्यांनी ते पुन्हा वाचलं, तेव्हा मी जरा सावरून बसलो. दाद मिळते आहे असं मला वाटलं. मग त्यांनी कपाटातून नियमावलीची मूळ फाईल काढली. “हा महाभाग कोण ते बघू या.” शेवटचं पान उलटलं. “मसुदा तयार करणार, श्री. रंगनाथ, वरिष्ठ लिपिक. खाली सही. सहीखाली दोन टिंबं.”

सहीखाली दोन टिंबं मीच देतो.

आणि मग मला सगळं आठवलं. सात वर्षांपूर्वी भिमाजीराव म्हणाले होते, भाऊ, तुम्ही सरकारी माणूस, नियमावली तेवढी करून द्या. आमच्या कचेरीत नवीन कागद नवीन लिहायचा नसतो. जुना काढायचा, नाव बदलायचं, तारीख टाकायची. मी एका जुन्या जिमखान्याची महिला टेनिसची छापील नियमावली मिळवली होती आणि जिथे जिथे रॅकेट किंवा चेंडू होता तिथे तिथे स्केट केलं होतं. एका दुपारचं काम. हर्षाली तेव्हा चार वर्षांची होती आणि नियम चौदा (ब) कोणाच्या अंगावर येऊन पडेल हा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता.

नवसाबाई शांतपणे पुढे वाचत होत्या. “नियम बावीस. स्केट जाळ्याला लागल्यास तो गुण पुन्हा खेळावा.”

“आपला रिंकवर जाळं कोठे शे, भाऊ?” भिमाजीरावांनी मला विचारलं. ते चिडले नव्हते, त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

“नियम सव्वीस. हवेत उडालेला स्केट रेषेबाहेर पडल्यास तो बाद समजावा.”

“मी मागच्या वर्षी एका पोराला त्यावरून बाद केलं होतं,” समाधान सर कोपऱ्यातून अपराधी आवाजात म्हणाले.

म्हणजे सात वर्षं हा कागद चालू होता, आणि तो कोणी वाचला नव्हता किंवा वाचून पाळला होता. यातलं वाईट कोणतं ते मी अजून ठरवलेलं नाही.

“चूक माझी आहे,” मी म्हणालो. “तर ती दुरुस्त करा आणि विषय संपवा.”

“दुरुस्तीची पद्धत नियम एकतीसमध्ये आहे,” नवसाबाई म्हणाल्या. “‘पोशाखाच्या नियमात बदल करावयाचा झाल्यास, पोशाखामुळे खेळात अडथळा आल्याचे प्रत्यक्ष अनुभवाचे लेखी निवेदन आवश्यक राहील. त्यावर किमान दोन प्रत्यक्षदर्शींच्या सह्या असाव्यात. निवेदन सभेत मोठ्याने वाचावे व सूचनाफलकावर सात दिवस लावावे.’ हाही तुमचाच.”

हा माझाच होता. एखादी गोष्ट कधीच होऊ नये असं वाटलं की आम्ही कचेरीत असाच नियम करतो.

“मग हर्षाली लिहून देईल निवेदन.”

“स्पर्धकाचं निवेदन चालत नाही. हितसंबंध. तेही तुम्हीच लिहिलंय, पोटनियम दोन.” त्यांनी चष्मा काढला. “दुसऱ्या कोणाला असा प्रत्यक्ष अनुभव आहे का? सैल कपड्यात चाकांवर उतरलेलं कोणी आहे? नसल्यास अर्ज फेटाळला असं नोंदवते.”

चिमाजी अण्णा खोकले.

मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. मला फक्त एवढंच दिसत होतं की ती गोष्ट आता कॉलनीत आहे, अजून शहरात गेलेली नाही. या रिंकवर कचेरीतल्या दोन सहकाऱ्यांची पोरं शिकतात. फलक रस्त्याकडे तोंड करून आहे. सात दिवस. मी मनातल्या मनात म्हणालो, पोरगी लहान आहे, पुढच्या वर्षी बघू, स्पर्धा काय दरवर्षी येतात.

मग मी दाराकडे पाहिलं. हर्षाली मान खाली घालून स्केटचं चाक बोटाने फिरवत बसली होती. तिला सगळं ऐकू येत होतं. ती एक वाक्य बोलली असती तर काम झालं असतं, ‘माझे पप्पा पडले होते’ एवढंच. ती बोलली नाही. माझी लाज राखण्यासाठी ती स्वतःची स्पर्धा सोडून द्यायला निघाली होती, आणि तीही अशी मुकाट्याने, चाक फिरवत.

“आहे,” मी उभं राहून म्हणालो. “मला अनुभव आहे. लिहून घ्या.”

आणि मग मी सांगितलं. काही लपवलं नाही. लुंगीचा रंग विचारला, तो सांगितला. चड्डीच्या पट्ट्या नोंदवायची गरज आहे का असं मी विचारलं, तेव्हा नवसाबाईंनी ‘निवेदन संपूर्ण असावं’ एवढंच उत्तर दिलं. शेवटी लिहिणं माझ्याच हातात आलं, कारण नवसाबाईंचा पेन हसण्याने हलायला लागला. बाईंना तीस वर्षांत कोणी हसताना पाहिलं नाही असं मी ऐकून होतो. निवेदनातला मुख्य भाग असा : ‘उपरोक्त ठिकाणी वाऱ्यामुळे सदर लुंगी फुगली असता, तोल सांभाळण्याकामी आवश्यक असलेले निवेदकाचे दोन्ही हात सदर लुंगी सांभाळण्याकामी वर्ग झाले. हात मोकळे असते तर निवेदक पडला नसता, असे निवेदकाचे नम्र मत आहे.’

दोन साक्षीदार हवे होते. हास्यक्लबने एकेचाळीस सह्या पाठवल्या. एका आजोबांनी सहीशेजारी ‘पुन्हा केव्हा?’ असंही लिहिलं होतं.

सात दिवस तो कागद फलकावर होता. आमच्या कचेरीत सोमवारी साहेबांपासून शिपायापर्यंत सर्वांनी माझ्या प्रकृतीची चौकशी केली. गुरुवारी फलकासमोर भेळवाल्याने गाडी लावली. मी त्या रस्त्याने जाणं सोडलं. पण हर्षाली रोज जायची, कागद जागेवर आहे ना ते बघून यायची, आणि घरी येऊन माझ्यासाठी न सांगता चहा टाकायची. तो चहा फार गोड असायचा. मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायचो.

आठव्या दिवशी सुधारित नियम मंजूर झाला : ‘मुलींनी स्कर्ट अथवा पूर्ण पायाची पँट, यांपैकी स्वतःला सोयीचे वाटेल ते परिधान करावे.’ सुलाबाईंच्या टिकल्याही वाचल्या. लगेच भिमाजीरावांनी आपणहून एक सूचना मांडली आणि ती टाळ्यांच्या गजरात एकमताने संमत झाली. तो नियम चौदा (क) : ‘रिंकवर कोणीही लुंगी परिधान करून उतरू नये.’ मंडळाच्या इतिहासात स्वतःच्या डोक्याने केलेला हा पहिला नियम.

पँट केरू टेलरने एका रात्रीत शिवली आणि पहिल्याच फटक्यात अचूक बसली. “पँटच हवी हुती तर आधी सांगायचं ना साहेब,” तो म्हणाला. “उगा तीन डाव स्कर्ट करायला लावला.”

स्पर्धेच्या दिवशी आईसुद्धा आली. उन्हात डोक्यावर पदर घेऊन पहिल्या रांगेत बसली. दिशा आधी झाली. चारशे टिकल्यांचा तो स्कर्ट गिरकीत असा काही फिरला की मीही टाळ्या वाजवल्या. सुलाबाई रडल्या. मग हर्षाली उतरली, मोरपंखी पँटमध्ये. पहिली गिरकी बरी झाली. मग ती वेग घेत घेत मोठ्या उडीकडे आली. भिंतीवर पोरं बसलेलीच होती. ती उडाली आणि तिचे दोन्ही हात उघडले. पूर्ण उघडले, बोटांपर्यंत. ती फिरली आणि एका पायावर खाली आली आणि हात तसेच उघडे ठेवून मागे घसरत गेली.

मला टाळ्या वाजवता आल्या नाहीत. बघतो तर मी माझी पँट दोन्ही मुठींत घट्ट धरून उभा होतो.

“काम करती रं पोरगी,” आई म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, “मिरवतीबी.”

हर्षालीचा नंबर तिसरा आला. दिशाचा दुसरा. पहिली आलेली मुलगी सिन्नरची होती, तिने साधा पांढरा स्कर्ट घातला होता आणि तिचे हात कुठेही जात नव्हते. असे हात असतात काही जणींचे.

घरी जाताना हर्षाली स्कूटरवर मागे बसली होती, गळ्यात पदक घालून. नव्या रस्त्यावर स्कूटर लोण्यासारखी चालली होती. मला फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटत होतं.

“पप्पा,” ती कानाशी म्हणाली, “पुढच्या वर्षी मी स्कर्ट घालणार.”

मी ब्रेक दाबला. मागचा रिक्षावाला काहीतरी बोलला, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

“अगं, स्कर्ट? मग ती सभा? तो फलक? ती... ती एकेचाळीस माणसं?”

“दिशाच्या टिकल्या उन्हात कसल्या भारी चमकत होत्या!”

“पण तुझे हात जातात ना स्कर्टला?”

“तेव्हा घालायलाच लागणार होता म्हणून जात होते,” ती म्हणाली. “आता मला घालावासा वाटतोय. आणि नाही जमलं तर पँट आहेच ना पप्पा. नियमच आहे तसा.”

चोवीस वर्षांत मी जेवढे नियम लिहिले त्यातला कोणताच कधी कोणाला हवाहवासा वाटला असेल असं मला आठवेना. हा एक होता. मग मी स्कूटर मेन रोडकडे वळवली. सुलाबाईंनी चारशे लावल्या होत्या, तेव्हा आपण निदान पाचशे टिकल्या तरी घ्याव्यात, असं ठरलं.